रॉबिन विल्यम्सची भीती वाटली, हे कसं काय?

निशाचर:
परवा रात्री 'वन अवर फोटो' (२००२) बघितला. माझ्या डोक्यात रॉबिन विल्यम्स म्हणजे त्या विनोदी पिक्चरमधली मिसेस डाउटफायर, अखंड बडबड, शंभर आवाज, आणि इथे तो मोठ्या स्टोअरच्या फोटो लॅबमधला साय, केस विरळ नि पिवळट, आवाज एकदम मऊ, गिऱ्हाइकांशी अदबीने बोलणारा आणि एका कुटुंबाच्या फोटोंच्या जास्तीच्या कॉप्या काढून घरी भिंतभर लावणारा. कितीतरी वेळ तो कोणाला बोटही लावत नाही तरी माझ्या पोटात गोळा. हे अभिनयामुळे, का तो हसवणारा म्हणून आधीपासून ओळखीचा आहे त्यामुळे? दुसरा कोणी नट असता तर एवढी टरकली असती का?

काठावरचा:
दोन्ही, पण मला तिसरंच कारण मोठं वाटतं. विनोदी नटाची सगळी धडपड समोरच्याला आपण आवडावं याची असते. लोक हसले की ती फिटते. सायची धडपड तीच आहे हो, फक्त समोरून काही येत नाही, म्हणून त्याचं ते हसू हवं त्यापेक्षा अर्धा सेकंद जास्त चेहऱ्यावर राहतं आणि आपल्याला कसंतरी होतं. कुठे थांबायचं हे पक्कं माहीत असलेला माणूसच मुद्दाम तिथे न थांबण्याचं काम एवढं नेमकं करू शकतो.
त्याच वर्षीचा दिग्दर्शक नोलनचा 'इन्सोम्निया' बघा. त्यात विल्यम्स रहस्यकथा लिहिणारा वॉल्टर फिंच. आधी बराच वेळ नुसता फोनवर, आणि तपासाला आलेल्या पोलिसाशी, म्हणजे अल पचिनोशी, असा बोलतो की जणू त्याच्याच भल्याचं सांगतोय.

नुसताच_वाचक:
+१. आपल्याकडे दिलीप प्रभावळकर. चिमणरावही तेच, 'झपाटलेला'तला (१९९३) तात्या विंचूही तेच. अर्थात तात्याला घाबरता घाबरता हसूही येतं, ते वेगळं. 'सरकार राज'मधले (२००८) रावसाहेब बघा, त्यात हसायला जागाच नाही.

कडू_कारलं:
मी जरा उलटं बोलतो. विनोदी नट गंभीर झाला रे झाला की लगेच 'काय रेंज आहे' सुरू, जसं काही हसवणं म्हणजे बालवाडी आणि खून करणं म्हणजे पीएचडी. 'फॉक्सकॅचर'मध्ये (२०१४) स्टीव्ह करेलला खोटं नाक लावलं, ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, मला पूर्ण पिक्चरभर ते नाकच दिसत होतं. विल्यम्सला निदान असलं काही लागलं नाही.

काठावरचा:
बालवाडीचं एकदम मान्य, नाकाचं नाही. 'द ऑफिस' या विनोदी मालिकेत करेलनेच केलेला मायकल स्कॉट आठवा, आपण थोर लीडर आहोत असं वाटणारा बॉस, तो बोलला की सगळे अवघडून गप्प. 'फॉक्सकॅचर'मधला करेलचा श्रीमंत डू पॉन्ट फार लांब नाही त्याच्यापासून. तिथे बाकीचे कॅमेऱ्याकडे बघून डोळे फिरवतात म्हणून आपण हसतो. इथे पैसा त्याचा, कुस्तीची टीम त्याच्या जिवावर, डोळे फिरवणार कोण? विनोद तोच ठेवून हसायची परवानगी काढून घेतलीये.

कडू_कारलं:
हम्म. हे असं बघितलं नव्हतं. नाक तरी जास्तच होतं.

निशाचर:
सगळ्यांना धन्यवाद. काल 'इन्सोम्निया' लावला. फोनवर त्याचा आवाज आला आणि मला चक्क बरं वाटलं, आला आपला माणूस म्हणून!! खुनाच्या केसमधला फोन आहे हे कळत असून. मग स्वतःचीच चीड आली आणि बंद केला. उरलेला दिवसाउजेडी बघेन. तसंही पिक्चरमधल्या त्या अलास्कात रात्र होतच नाही.