कार्बन असताना बांबूचा फ्लाय रॉड कशाला? माझं म्हणणं: बनवा, आणि माणग्याचाच बनवा

कर्लीकाठ (धागाकर्ता)

गळाच्या सामानावर इथे गप्पा चालल्या होत्या, तेव्हा कुणीतरी एका ओळीत निकाल लावला: "बांबूचा फ्लाय रॉड म्हणजे साहेबाची हौस, कोकणात त्याचं काय काम?" विषयांतर नको म्हणून तिथे गप्प बसलो, आता इथे भांडतो. हा रॉड कोकणात चालेल, आणि तो कोकणातच, आपल्या माणग्यापासून, म्हणजे इथल्याच बांबूच्या एका जातीपासून बनायला हवा.

फ्लाय न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. नेहमीच्या गरवण्यात शिसं किंवा आमिषाचं वजन दोरीला ओढून नेतं. फ्लायमध्ये गरीला किड्यासारखी दिसणारी पिसं बांधलेली असतात (तीच "फ्लाय"), त्यांना वजन असं नसतंच. वजन असतं जाड लाइनला, आणि ती फेकायची तर रॉडने आधी वाकायचं आणि मग सरळ व्हायचं. कुठे वाकतो, किती वाकतो, किती वेगाने सरळ होतो, सगळा खेळ यावर. कार्बनचा रॉड झटक्यात सरळ होतो. बांबूचा मुठीपर्यंत वाकतो आणि सावकाश परततो, त्यामुळे वीस-तीस फुटांवर फ्लाय अलगद ठेवायला तो फार चांगला.

आता तो बनतो कसा. बांबू उभा चिरून पट्ट्या काढायच्या. गाठी कानशीने घासायच्या, आचेवर गरम करून व्हाइसमध्ये दाबून सपाट करायच्या. मग प्रत्येक पट्टी पोलादी साच्यात ठेवून रंध्याने तासायची. साचा म्हणजे शेजारी शेजारी दोन पोलादी दांडे, मध्ये व्ही आकाराची खाच, आणि दर पाच इंचांवर स्क्रू. स्क्रू फिरवून खाच रुंद-अरुंद करायची, म्हणजे पट्टी बुंध्याकडून शेंड्याकडे हवी तशी निमुळती होते. पट्टीचा छेद साठ अंशांचा समभुज त्रिकोण. अशा सहा पट्ट्या चिकटवल्या की षटकोनी भरीव काठी तयार. साल बाहेरच्या बाजूला राहते आणि तिच्यावर रंधा अजिबात चालवायचा नाही, वरचा चकाकता थर फक्त खरवडायचा. कारण बांबूचे दणकट तंतू सालीलगत दाटलेले असतात आणि वाकताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या बाजूवरच येतो.

शेंड्याला एकेक पट्टी मिलिमीटरपेक्षाही बारीक होते. काठीचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे दीड मिलिमीटरच्या शेंड्यात पाच शतांश मिलिमीटरची चूक झाली तरी कडकपणात तेरा-चौदा टक्क्यांचा फरक पडतो. हे हाताने साधणारा माणूस माझ्या लेखी मोठा कारागीर. एका रॉडला चाळीस-पन्नास तास सहज जातात.

जगभरचे कारागीर यासाठी चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला टोन्किन बांबू वापरतात. आपल्या परसात माणगा उभा आहे: काटे नाहीत, सरळ वाढतो, जवळजवळ भरीव. तो आपण टोमॅटोच्या टेकूला विकतो. बोला आता.

नांगर

लिहिलंय छान, पण खाडीत उतरून लिहिलेलं वाटत नाही. ओहोटीला तिवरांच्या मुळांतून जिताडा बाहेर येतो तेव्हा तुम्हाला "अलगद" काही ठेवायचं नसतं. बोटभर लांबीची ओली फ्लाय, समोरून वारा, आणि पन्नास-साठ फूट लांब फेक. वर मासा लागला की तो पहिल्यांदा मुळांकडे पळणार. तांबोशी तर त्याहून द्वाड. तिथे मुठीपर्यंत वाकणारा रॉड घेऊन उभं राहणं म्हणजे मासा सोडून देणंच.

वजनाचंही बघा. आठ फुटी बांबूचा रॉड सव्वाशे ग्रॅमच्या आसपास जातो, कार्बनचा त्याच्या साधारण निम्मा-पाऊण. दिवसभर फेकायचं असेल तर मनगटाला विचारा. १९७३ मध्ये कार्बनचे फ्लाय रॉड बाजारात आले आणि जगाने बांबू खाली ठेवला, तो उगाच नाही.

देवबागचो

माशाक काय कळता रॉड खंयचो तो? माझो आजो कळकाच्या काठयेक दोरी बांधून शेंगाळे काढी. पन्नास तास तासत बसलंस तर भरती येऊन जायत रे भावा. 😄

कर्लीकाठ

@देवबागचो, आजोबांची काठी बांबूचीच होती, म्हणजे तुम्ही माझ्या बाजूचे.

@नांगर, मोठ्या जिताड्याला कार्बनच घ्या, तिथे वाद नाही. पण कोकण म्हणजे फक्त खाडीचं तोंड नव्हे. वर जिथे पाणी गोडं होतं, नदी दोन हातांवर येते आणि डोक्यावर झाडं वाकलेली असतात, तिथे मळ्या-खवळसारखे मासे पाण्यावर पडलेला किडा टिपतात. तिथे साठ फूट फेकायला जागाच नाही. आणि जुन्या काळी अमेरिकेत समुद्रातले दांडगे मासेही बांबूच्या रॉडवर काढत होतेच, त्यासाठी जाड रॉड बनवत. "बांबू म्हणजे नाजूक" ही समजूत लहान ट्राउट-रॉड बघून झालेली आहे.

जगाने बांबू खाली ठेवला त्याचं कारणही अर्धंच सांगितलंत. १९५० च्या सुमारास अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, टोन्किन मिळेनासा झाला, आणि त्याच वेळी फायबरग्लास स्वस्तात तयार होता. कार्बन यायच्या वीस वर्षं आधीच बाजार बदलला होता.

रंधा_कानस

मी सुतारकामातला माणूस, मासे फक्त ताटातले कळतात. पण धाग्यात लाकडाच्या अंगाने एक घोळ आहे. धागाकर्ते माणगा "भरीव" म्हणून त्याची शिफारस करतात. सहा पट्ट्यांच्या कामात भरीवपणाचा उपयोग शून्य! पट्टीचा त्रिकोण तासताना आतला सगळा मऊ गर भुश्यात जातो, राहतो तो सालीखालचा थर. तो किती जाड आणि किती दाट, एवढंच बघायचं.

बघायचं कसं, तर माणग्याचा एक तुकडा बारीक दाताच्या करवतीने आडवा कापा, कापलेलं तोंड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा आणि ओल्या फडक्याने पुसा. काळपट ठिपके दिसतील, ते तंतूंचे गठ्ठे. कडेला ते एकमेकांना खेटून असतात, आत जाल तसे विरळ होत जातात. बुंध्याचा तुकडा आणि डोक्याएवढ्या उंचीवरचा तुकडा शेजारी ठेवून बघा, कडेचा दाट पट्टा कुठे रुंद आहे ते नुसत्या डोळ्यांना कळतं.

दुसरी अडचण गाठींची. टोन्किनची कांडी सव्वा-दीड फुटांची, माणग्याची वीत-सव्वा वीत. म्हणजे तेवढ्याच रॉडमध्ये गाठी जवळपास दुप्पट. गाठीशी तंतू वाकडे जातात, पट्टी तिथेच मोडते. सहा पट्ट्यांच्या गाठी एकमेकींसमोर येऊ नयेत म्हणून पट्ट्या मागेपुढे सरकवाव्या लागतात. गाठी दुप्पट झाल्या की सरकवायला जागाच उरत नाही. मला विचाराल तर माणगा चिरूच नका. जपानात अख्ख्या बांबूचे रॉड बनवायची जुनी परंपरा आहे: वेगवेगळ्या जाडीचे तुकडे निवडतात, आचेवर सरळ करतात, एकात एक बसवतात, वर लाखेसारखं झाडाचं रोगण चढवतात. भरीव माणगा तिथे कामाचा.

तिसऱ्या_मजल्यावरून

माझ्याकडे इंग्लंडमधला एक जुना बांबूचा रॉड आहे, लिलावात घेतलेला. (किंमत घरी सांगितलेली नाही, इथेही सांगत नाही.) रेशमी धाग्याच्या वेढ्यांवर व्हार्निश चढल्यावर तो धागा पारदर्शक होऊन खालचा बांबू दिसतो, लाइन ओवायची कडी जिथे बसवली तिथे धाग्याचं टोक शोधून सापडत नाही. दोन तुकडे जोडायची निकेल-सिल्व्हरची नळी ओढून काढताना "पक्" असा आवाज येतो, अजूनही. या गोष्टीसाठी मी पैसे मोजले, माशांसाठी नाही. त्यामुळे "कोकणात चालेल का" हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो. हौसेला उपयोगाचं सर्टिफिकेट कशाला हवं?

हां, माणग्याबद्दल एक इतिहास. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत असे रॉड बनू लागले, तेव्हा सुरुवातीला बांबू भारतातूनच जायचा, कलकत्त्याहून. पुढे टोन्किन मिळू लागल्यावर कारागिरांनी कलकत्त्याचा माल सोडला. डागलेला यायचा, कीड लागलेली असायची, आणि टोन्किन त्याहून सरळ नि ताठ. भारतीय बांबूची परीक्षा एकदा झाली आहे आणि तो नापास झाला आहे.

कर्लीकाठ

कलकत्त्याहून गेलेला तो माणगा नव्हे. माणगा पश्चिम किनारपट्टीचा: सिंधुदुर्ग, गोवा, कारवार या पट्ट्यातला. एका बांबूच्या निकालावर दुसऱ्याला नापास करणं बरोबर नाही. शिवाय जे दोष सांगितलेत त्यातले डाग आणि कीड हे तोडणी-साठवणुकीचे, तंतूंचे नव्हेत.

हौसेबद्दल मात्र तुमच्याशी पटत नाही. तुमच्या रॉडचं जे कौतुक तुम्ही केलंत ते सगळं वापरासाठी केलेलं काम आहे. धाग्याचं टोक लपवलेलं असतं कारण सुटं राहिलं तर लाइन त्यात अडकते. तो "पक्" आवाज म्हणजे नळी शतांश मिलिमीटरच्या हिशोबात बसवल्याची खूण, सैल असती तर फेकताना काठीच निसटली असती. कपाटात ठेवून तुम्ही कारागिराच्या अर्ध्या मेहनतीला सुट्टी दिली आहे.

@रंधा_कानस, गाठींचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण अख्ख्या काठीत निमुळतेपणा निसर्ग ठरवतो. सहा पट्ट्यांत तो मी ठरवतो. मला ते दुसरं हवं आहे.

नांगर

खारं पाणी कुणी काढलंच नाही अजून?

रंधा_कानस

खाऱ्या पाण्याने बांबूला काही होत नाही, कड्यांना आणि रिळाला होतं. गोड्या पाण्याने धुवा, झालं. खरा शत्रू आपला पावसाळा. पूर्वी या पट्ट्या सरसाने चिकटवत, तसला रॉड कोकणात पहिल्या श्रावणात उकलला असता. आता इपॉक्सी आहे, म्हणून निदान विचार तरी करायचा. तरी व्हार्निशला एक चीर गेली की ओल आत शिरते आणि काठी एका बाजूला कायमची बाक धरते. पट्ट्या चिकटवण्याआधी भट्टीत पावणेदोनशे अंशांच्या आसपास भाजतात ते ओल घालवायला आणि ताठपणा आणायलाच. ओला रॉड नळकांड्यात बंद करून ठेवलात तर चार महिन्यांत आत बुरशीचं शेत उगवेल.

देवबागचो

म्हणजे पावसात चढणीचे मासे येतत, तेव्हाच रॉड घरात. बरा झाला!

बेट_कुडाळ

धागा वाचून राहवलं नाही. आमची माणग्याची बेटं आहेत, वडिलांनी लावलेली. माशांचं मला कळत नाही, पण कच्च्या मालावर तुम्ही मंडळी फार लवकर निकाल देताय.

पहिलं म्हणजे काठीचं वय. यंदाच्या काठीवर पांढरी भुकटी असते, बुंध्याला खोळ चिकटलेली असते. ती घ्याल तर वाळल्यावर सुरकुतेल. तिसऱ्या वर्षाला भुकटी गेलेली असते, सालीवर डाग चढतात, कोयत्याची पाठ मारली की टणक वाजते. टेकूवाल्या व्यापाऱ्याला याचं काही पडलेलं नसतं, तो सरसकट तोडून नेतो. बाजारातून माणगा आणून कुणी "हा कुचकामी" म्हणालं तर दोष कुणाचा?

दुसरं म्हणजे तोडणी. पावसाळा संपून थंडी पडल्यावरच तोडायचं, काळोख्या पंधरवड्यात. पंधरवड्याचं शास्त्र कुणाला पटो न पटो, थंडीत काठीत साखर-पिठूळपणा कमी असतो आणि भुंगा त्यावरच येतो, हे तर खरं. तोडून वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायची, मग सावलीत उभी करून वाळवायची. उन्हात आडवी टाकलीत तर तडकते.

२०१७ मध्ये कायदा बदलून बांबू "झाड" या व्याख्येतून निघाला, त्यामुळे खाजगी जमिनीतल्या तोडीची पूर्वीची कटकट गेली. पण भाव अजून टेकूचाच मिळतो. कुणी निवडून एकेक काठी मागितली तर मला आनंदच आहे.

नांगर

@बेट_कुडाळ, हा धाग्यातला पहिला कामाचा प्रतिसाद.

@कर्लीकाठ, शब्दांनी रॉड वाकत नाही. माणग्याची एक पट्टी आणि टोन्किनची एक पट्टी, दोन्ही सारख्या जाडीच्या, सारख्या भाजलेल्या. एक टोक व्हाइसमध्ये, दुसऱ्याला सारखंच वजन. किती खाली येते आणि वजन काढल्यावर पूर्ण परत जाते का, ते मोजा आणि आकडे इथे टाका. माणगा जवळपास जरी आला तरी मी माझे शब्द मागे घेईन. जिताड्याला तरीही कार्बनच.

कर्लीकाठ

मंजूर. टोन्किनचा तुकडा कुणाकडे असेल तर सांगा, पैसे देतो. @तिसऱ्या_मजल्यावरून, तुमचा रॉड कापायला मागत नाही, घाबरू नका.

तिसऱ्या_मजल्यावरून

कुलूप लावलंय.

बेट_कुडाळ

दिवाळीनंतर या, तिसऱ्या वर्षाच्या काठ्यांना चुन्याची खूण करून ठेवतो. चार जास्तच न्या, दोन भुंग्याच्या नावाने धरा. आणि सोबत तो सुतारवाला गडी आणा, तुम्हाला एकट्याला गाठी झेपणार नाहीत.