एसक्यूलाइट: प्रायमरी की बदलली की दुसरं टेबल रिकामं होतंय, मदत हवी आहे

मंडळी, गावातल्या दूध संकलन केंद्राचं एक छोटं अँड्रॉइड ॲप सध्या माझ्याकडे आलंय, डेटाबेस एसक्यूलाइट (फोनमध्येच राहणारा छोटा डेटाबेस), रूम वगैरे लायब्ररी काही नाही, साधा एसक्यूलाइटओपनहेल्पर (तो डेटाबेस उघडणारा आणि अपग्रेड करणारा अँड्रॉइडचा क्लास). आधी ज्याने बनवलं त्याने सभासद टेबलची प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) चक्क मोबाइल नंबर ठेवलीये. आता सासू-सुनेची खाती वेगळी आणि घरात फोन एकच, त्यात लोक सिम बदलतात ते निराळंच, म्हणून आयडी कॉलम आणायचाय आणि मोबाइल नुसता माहितीपुरता ठेवायचाय.

ऑल्टर टेबलने एसक्यूलाइटमध्ये प्रायमरी की बदलता येत नाही हे माहितीये, म्हणून ऑनअपग्रेडमध्ये (डेटाबेसची आवृत्ती वाढली की चालणारा कोड) नेहमीचाच मार्ग घेतला, नवं टेबल, त्यात डेटा कॉपी, जुनं ड्रॉप आणि नव्याला जुनं नाव. एरर एकही नाही, सभासद सगळे जागेवर, पण दूध नोंदींचं टेबल पार रिकामं!! लिटर, फॅट, सगळं गायब. नशीब टेस्टच्या फोनवर होतं. पहिल्याच ओळीत प्राग्मा फॉरेन_कीज ऑफ (फॉरेन की, म्हणजे टेबलांमधली नाती, पाळणं बंद करणारी सेटिंग) टाकून पण पाहिलं, फरक शून्य. कोणाला अनुभव आहे का?

उत्तर १:
नोंदींच्या टेबलवर ऑन डिलीट कॅस्केड (सभासदाची ओळ गेली की त्याच्या नोंदीही पुसणारा नियम) असणार, बघ. फॉरेन की चालू असताना टेबल ड्रॉप केलं की एसक्यूलाइट आधी गुपचूप त्यातल्या सगळ्या ओळी डिलीट करतो, मग कॅस्केडने नोंदीही जातात. आणि ऑनअपग्रेड मुळातच ट्रान्झॅक्शनच्या (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही) आत चालतं, तिथे तो प्राग्मा काहीच करत नाही, एररसुद्धा देत नाही (हे फार छळतं). ऑनकॉन्फिगरमध्ये (हे अपग्रेडच्या आधी चालतं) फॉरेन की चालू केल्या असतील तर तिथून काढून ऑनओपनमध्ये टाक, ते अपग्रेड झाल्यावर चालतं.

नोंदींचं टेबलही नवं करावं लागेल, मोबाइलवर जॉइन लावून (दोन्ही टेबलं जुळवून) आयडी भर, जुन्या डेटात मोबाइल युनिक आहे तोवरच हे जमेल. शेवटी प्राग्मा फॉरेन_की_चेक चालव (तुटलेली नाती दाखवतो), एक जरी ओळ आली तरी एक्सेप्शन फेक म्हणजे सगळं रोलबॅक होईल, पूर्वीसारखं.

धागाकर्ता:
ऑनकॉन्फिगरमध्येच होतं! हलवलं, नोंदी शाबूत आहेत, लय आभार. पावतीवर सभासद क्रमांक छापतो, आयडी म्हणून तोच घेऊ का?

उत्तर १:
नको रे. उद्या चेअरमन म्हणतील क्रमांक पहिल्यापासून लावा, की पुन्हा हेच सगळं. त्याला वेगळा कॉलम दे आणि युनिक लाव.