मदत हवी आहे : वारा दक्षिणेकडे, मग पाणी पश्चिमेकडे का?

नमस्कार मंडळी. मी देवगडजवळच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. वर्गातली निम्मी मुलं मच्छीमारांच्या घरची, त्यामुळे समुद्र हा विषय काढला की पुस्तक बाजूलाच राहतं.

पावसाळ्यात केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी पश्चिमेला सरकतं, त्याच्या जागी खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म शैवाल फोफावतं आणि त्यावर तारली मासळी पोसते, इथवर सगळं जमलं. मग प्रयोग केला. काचेच्या टाकीत साधं पाणी, तळाशी नळीने हळूच सोडलेलं निळं बर्फगार पाणी, वरून केस वाळवायच्या मशीनचा गार झोत. निळं पाणी वर आलं, पण झोत जिथून येत होता त्या टोकाला! लगेच एका मुलाने पकडलं, "बाई, केरळकडे तर वारा किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे वाहतो म्हणता. मग पाणी पश्चिमेला, खोल समुद्राकडे कसं सरकतं?"

पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात पाणी वाऱ्याच्या उजवीकडे वळतं, हे सांगितलं. माना डोलल्या, पटलं कोणालाच नाही. (खरं सांगायचं तर टाकीसमोर मलाही नाही.)

तर, हे उजवीकडे वळणं शाळेत दाखवता येईल असा स्वस्तातला प्रयोग कोणी केलाय का? फिरत्या पाटावर परात ठेवून जमेल? आणि इन्कॉइसचे (समुद्राची माहिती देणारी हैदराबादची सरकारी संस्था) मासळीच्या जागा सांगणारे नकाशे तापमान आणि हरितद्रव्यावरून बनतात, ते मुलांना वाचायला कसे शिकवावेत? पुढच्या शुक्रवारी तास आहे.