खासगी ईमेल सेवा बदलताना विश्वास कोणावर ठेवावा?

प्रश्न (इंदूर): रामबागेतील आमच्या वाचनालयाचा पत्रव्यवहार मी प्रोटॉन मेल या स्वित्झर्लंडच्या खासगी ईमेल सेवेवर सांभाळतो. २०२१ मध्ये या कंपनीने स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा ओळख क्रमांक) नोंदवून दिला, हे कळल्यापासून मन अस्वस्थ आहे. जर्मनीतील टुटा या तशाच सेवेकडे वळावे का?

उत्तर (वडोदरा): आपली अस्वस्थता रास्त आहे, मात्र त्या प्रकरणात पत्रांचा मजकूर कंपनीला देता आला नाही, कारण तो कूटबद्ध असल्याने तिलाच वाचता येत नव्हता. टुटा पत्राचा विषयही कंपनीला वाचता येणार नाही असा कूटबद्ध करते, प्रोटॉन तसे करत नाही, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. परंतु टुटालाही जर्मन न्यायालयाचे आदेश पाळावेच लागतात. शिवाय तिथे आयमॅप (दुसऱ्या अ‍ॅपमधून पत्रे उघडण्याची सोय) नाही, म्हणून थंडरबर्डसारख्या ईमेल अ‍ॅपमध्ये पत्रे वाचण्याची सवय असल्यास ती सोडावी लागेल.

उत्तर (ग्वाल्हेर): मला कंपनी बंद पडण्याची भीती अधिक वाटते. स्किफ ही अशीच ईमेल सेवा २०२४ च्या फेब्रुवारीत नोशन या कंपनीने विकत घेतली आणि त्याच वर्षी ती बंद झाली. ज्यांचे पत्ते तिच्याच नावावर होते, त्यांना बँकेपासून नातेवाइकांपर्यंत सर्वांना नवा पत्ता कळवावा लागला असेल. म्हणून आधी वाचनालयाच्या नावाचे स्वतंत्र डोमेन (ईमेल पत्त्यातील @ नंतरचे नाव) घ्या. मग सेवा बदलली तरी पत्ता तोच राहील.

प्रश्नकर्ता: डोमेनचा प्रस्ताव येत्या बैठकीत मांडतो. तोपर्यंत जुन्या पत्रांची प्रत उतरवून ठेवतो.