अरिवूचं गाणं सगळ्यांना हवं, अरिवू मात्र नको?

पडघम:
तमिळ रॅपर अरिवूबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. अरक्कोणमचा हा पोरगा सिनेदिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या बँडमधून पुढे आला. चेन्नईच्या वस्त्यांतला 'गाना' हा लोकगीतांचा प्रकार आणि रॅप एकत्र करून ही मंडळी आरक्षणावर, गोमांसावर उघड उघड गात होती. २०१९ मध्ये संगीतकार ऑफ्रोबरोबर त्याचा 'तेरुक्कुरल' अल्बम आला आणि मार्च २०२१ मध्ये गायिका धीबरोबरचं 'एंजॉय एंजामी' हे गाणं.

त्या गाण्याचा जीव त्याच्या आजीच्या आयुष्यात आहे. वळ्ळिअम्माळ श्रीलंकेतल्या चहामळ्यात राबून परतली, तीही भूमिहीनच. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारात सव्वापाच लाख मळेकामगार भारतात धाडायचे ठरलं होतं. दोन सरकारांनी माणसं वाटून घेतली! झाडं आम्ही लावली, बाग बहरली, पण आमचा घसा कोरडाच, हे त्या गाण्यातलं दुःख तिथलं आहे.

आणि पुढे काय झालं? ऑगस्ट २०२१ मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया' या संगीत-मासिकाच्या मुखपृष्ठावर धी आणि रॅपर शान व्हिन्सेंट डी पॉल झळकले. दोघांच्या गाजलेल्या गाण्यांना शब्द अरिवूचे, पण मुखपृष्ठावर तो नाही. रंजित यांनी जाहीर हरकत घेतल्यावर त्याचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ निघालं. जुलै २०२२ मध्ये चेन्नईत बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनालाही हे गाणं त्याच्याविना झालं. मी याला योगायोग मानत नाही. जातीवर बोलणाऱ्याची कला घ्यायची आणि त्याला दाराबाहेर ठेवायचं, ही जुनी रीत आहे.

नीलकंठ_पुणे:
मुखपृष्ठाचं पटलं. ऑलिंपियाडचं नाही. अरिवू तेव्हा अमेरिकेत होता, हे या गाण्याचे संगीतकार संतोष नारायणन यांनी लगेच सांगितलं होतं. गाण्याचे हक्क आणि उत्पन्न धी, अरिवू आणि संतोष या तिघांत समान, हेही. चाल, शब्द सगळं माझं, असं अरिवूनं लिहिलं, ते मला खटकलं. धीचा आवाज आणि संतोषची मांडणी काढून घ्या, मग ते गाणं इतकं पसरलं असतं का? शिवाय त्यात ओप्पारी आहे. मयतावर बाया जे रडगाणं गातात, त्यावर मालकी कुणा एकाची कशी?

पडघम:
नीलकंठ, तो अमेरिकेत होता हे मान्य. पण मंचावर निदान त्याचं नाव ठळकपणे घ्यायला कुणी अडवलं होतं? ओप्पारी सामूहिक आहे, बरोबर. पण ती जपली कुणी? ज्यांना दुसऱ्याच्या मयतावर गाण्या-वाजवण्यासाठी बोलावलं जायचं त्यांनी. आपल्याकडे वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव गातात. गाणाऱ्यांतल्या कितीजणांना कवी माहीत असतो? लोकांचं म्हणता म्हणता लिहिणारा पुसला जातो.

रानवारा:
माझा आक्षेप वेगळा आहे, तोही अरिवूवरच. 'मास्टर' या तमिळ सिनेमात नायक विजयसाठी 'वाती रेड' लिहिणारा आणि गाणारा हाच. नायकाची आरती ओवाळणारं गाणं! ज्या सिनेउद्योगानं वर्षानुवर्षं दलितांना गुंड नाहीतर लाचार दाखवलं, त्याच्याच पंगतीला बसायचं आणि मान मिळाला नाही म्हणून तक्रार करायची? आंबेडकरी जलशांतले शाहीर असे नव्हते.

सरूबाई:
रानवारा, शाहिरांच्या घरची चूल कशी पेटायची ते विचारलंत कधी? आमच्या घरात जलसा होता, म्हणून बोलते. माणूस फुकट गायला की थोर, आणि पैसे घेतले की विकला गेला, ही कसोटी आमच्याच लोकांना का लावतात? त्यानं धारावीवरच्या 'काला' सिनेमासाठीही लिहिलं, ते तुमच्या हिशेबात कुठे बसतं? विजयसाठी गायल्यावर त्याची जातीवरची धार बोथट झालेली मला तरी ऐकू येत नाही.

रानवारा:
सरूबाई, पैशांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. नायकपूजेबद्दल नाही. पोट भरायला दुसरं गाणंही लिहिता येतं.

नीलकंठ_पुणे:
एक भर घालतो. गाणं प्रकाशित करणाऱ्या 'माज्जा' या कंपनीकडून 'एंजामी'चा एक पैसाही मिळाला नाही, असं मार्च २०२४ मध्ये खुद्द संतोष म्हणाले. म्हणजे आपण तिघांच्या श्रेयावर भांडतोय आणि त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे हात रिकामे तिघांचेही.

पडघम:
हो, आणि म्हणूनच अरिवूनं २०२४ मध्ये काढलेला अल्बम मला महत्त्वाचा वाटतो. 'वळ्ळिअम्मा पेरांडी', म्हणजे वळ्ळिअम्माचा नातू. रानवारा, तो ऐका आणि मग सांगा, हा माणूस कुणाच्या पंगतीला बसलाय.