संशोधन प्रस्तावाची सुरुवात नेमकी कोठून करावी?

प्रश्न

नमस्कार. मी शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी ‘मोबाइलचा विद्यार्थ्यांच्या वाचनावर होणारा परिणाम’ हा विषय घेण्याचे ठरवले असून प्रस्ताव सादर करण्यास सहा आठवडे उरले आहेत. विभागाने दिलेल्या नमुन्यात प्रस्तावना, गरज व महत्त्व, संबंधित साहित्याचा आढावा, उद्दिष्टे, परिकल्पना, व्याप्ती व मर्यादा, संशोधन पद्धती आणि कालनियोजन असा क्रम आहे. त्याच क्रमाने लिहावे म्हणून मी बारा पानांची प्रस्तावना लिहिली, परंतु उद्दिष्टांपाशी येऊन अडकले. मार्गदर्शकांनी मसुदा परत देताना समासात एवढेच लिहिले आहे : ‘यातून नेमके काय शोधायचे आहे?’

विषय मर्यादित कसा करावा आणि लेखनाला कोठून हात घालावा, याविषयी मार्गदर्शन हवे आहे. शिवाय नमुना, म्हणजे अभ्यासासाठी निवडायचा गट, ३८४ विद्यार्थ्यांचा असलाच पाहिजे, असे दोघा-तिघांनी सांगितले. ते खरे आहे का?

पहिले उत्तर

मार्गदर्शकांनी विचारलेला प्रश्न हाच प्रस्तावाचा गाभा आहे, म्हणून प्रस्तावना तूर्त बाजूला ठेवा. बारा पाने वाया गेलेली नाहीत; मात्र संशोधनाचा प्रश्न ठरल्यावर त्यांतली दोन-तीनच उपयोगी पडतील, याची मनाची तयारी असू द्या.

आधी शीर्षकातला एकेक शब्द तपासून पाहा. ‘मोबाइल’ म्हणजे त्याच्या पडद्यावरचे वाचन, की त्यावर जाणारा वेळ? ‘विद्यार्थी’ कोणत्या वर्गाचे? ‘वाचन’ म्हणजे वाचनाची आवड, वेग की आकलन? यांत ‘परिणाम’ हा शब्द सर्वांत जोखमीचा आहे, कारण तो वापरला की कार्यकारणसंबंध दाखवण्याची जबाबदारी अंगावर येते आणि नुसती प्रश्नावली भरून घेऊन ती पार पडत नाही. मोबाइलवर अधिक वेळ घालवणारे विद्यार्थी कमी वाचतात असे प्रश्नावलीतून आढळले, तरी ज्यांना मुळात वाचनाची आवड नाही तेच मोबाइलकडे वळले असतील, ही शक्यता तशीच शिल्लक राहते. ‘परिणाम’ हा शब्द ठेवायचा असेल तर प्रयोग करावा लागेल. प्रश्नावलीच वापरायची असेल तर ‘सहसंबंध’, म्हणजे दोन गोष्टी सोबत बदलताना दिसतात एवढेच, म्हणावे लागेल.

प्रयोगाची तयारी असेल तर तुमचा प्रश्न असा होऊ शकतो : माहितीपर मजकूर छापील कागदावर वाचला आणि मोबाइलच्या पडद्यावर वाचला, तर पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांच्या आकलनात फरक पडतो का? या प्रश्नाला मागचा आधारही आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मेटा-विश्लेषणात २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यास एकत्र तपासले गेले होते. त्यात कागदावरील वाचनाचे आकलन सरस ठरले. वेळेचे बंधन असताना हा फरक वाढत होता, तर केवळ कथात्मक मजकुराच्या बाबतीत तो दिसत नव्हता. तुमच्या साहित्याच्या आढाव्याने वाचकाला अशा ठिकाणी आणून सोडले पाहिजे. ‘अमुक यांनी अमुक साली अभ्यास केला, त्यांना अमुक आढळले’ अशा परिच्छेदांची रांग लावली की पाने भरतात. पण कोठे अजून पाहिले गेलेले नाही आणि आपण तेथे का पाहणार आहोत, हे त्यातून पुढे येत नाही.

यानंतर एक आडवा कागद घेऊन त्यावर चार रकाने आखा : उद्दिष्ट, त्यासाठी लागणारी माहिती, ती मिळवण्याचे साधन आणि विश्लेषणाची रीत. उदाहरणार्थ, ‘कागदावरील व पडद्यावरील वाचनानंतरच्या आकलनाची तुलना करणे’ हे उद्दिष्ट. प्रत्येक विद्यार्थ्याचे दोन्ही माध्यमांतील गुण ही माहिती. दोन उतारे आणि त्यांवरील आकलन चाचणी हे साधन. जोडीच्या गुणांची टी-चाचणी, म्हणजे सरासरीतील फरक केवळ योगायोगाचा असू शकतो का हे पाहणारी सांख्यिकी चाचणी, हे विश्लेषण. प्रत्येक उद्दिष्टाची अशी एक ओळ भरा. ज्या उद्दिष्टासमोरचा चौथा रकाना रिकामा राहील, ते निर्धास्तपणे वगळा. आपल्याकडे प्रत्येक उद्दिष्टाचा शेवट ‘अभ्यास करणे’ असा करण्याची सवय आहे. या शब्दांत काय करणार हे लपून राहते, म्हणून तुलना करणे, मोजणे, वर्गीकरण करणे अशी स्पष्ट क्रियापदे वापरा.

हा कागद तयार झाला की आधी संशोधन पद्धती लिहा, मग साहित्याचा आढावा, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी. विभागाने दिलेला क्रम वाचणाऱ्यासाठी आहे, लिहिणाऱ्याने तो पाळलाच पाहिजे असे नाही.

जाता जाता आणखी एक. गृहीतक आणि परिकल्पना यांची गल्लत अनेक प्रस्तावांत होते. निवडलेल्या विद्यार्थ्यांना मोबाइलवर मजकूर वाचता येतो, हे तुम्ही न तपासता मानून चालता, म्हणून ते गृहीतक. दोन्ही माध्यमांतील सरासरी गुणांत लक्षणीय फरक नाही, हे विधान तुम्ही तपासणार आहात, म्हणून ती शून्य परिकल्पना.

दुसरे उत्तर

मी केवळ नमुन्याच्या आकाराबद्दल लिहितो. ३८४ हा आकडा चुकीचा नाही, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. मोठ्या समष्टीतील, म्हणजे ज्या सर्वांविषयी निष्कर्ष काढायचा त्या संपूर्ण गटातील, एखादे प्रमाण, समजा पडद्यावर वाचणे पसंत करणाऱ्यांची टक्केवारी, ९५ टक्के विश्वासपातळीने आणि अधिक-उणे ५ टक्के त्रुटी धरून काढायची असेल, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५ भागिले ०.०५ चा वर्ग, असे करून ३८४.१६ येतात. क्रेजी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यामुळे हा आकडा सर्वतोमुखी झाला. समष्टी लहान असेल तर तोही कमी होतो. ६०० विद्यार्थ्यांसाठी त्या तक्त्यात २३४ दिले आहेत.

तुम्ही मात्र दोन माध्यमांतील गुणांची तुलना करणार आहात. तेथे नमुना किती हवा हे अपेक्षित फरक केवढा आहे यावर ठरते. एकाच विद्यार्थ्याच्या दोन गुणांची तुलना असेल, सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असे म्हणण्याची जोखीम) ०.०५ आणि चाचणीची शक्ती (फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) ०.८० धरली, आणि गुणांमधील सरासरी फरक त्या फरकांच्या प्रमाण विचलनाच्या (ते सरासरीभोवती किती पसरले आहेत याच्या मापाच्या) निम्मा असेल, तर ३४ विद्यार्थी पुरतात. तोच फरक एक-पंचमांश असेल तर १९९ लागतात. वर उल्लेख झालेल्या मेटा-विश्लेषणात कागदाच्या बाजूने आढळलेला फरक लहानच होता, म्हणून २०० विद्यार्थी घेणे सुरक्षित. जी-पॉवर ही मोफत संगणक प्रणाली वापरून हे गणित प्रस्तावात दाखवा आणि कोणता फरक का गृहीत धरला, तेही एका वाक्यात लिहा.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. सर्वांना आधी कागद आणि मग पडदा दिला, तर दुसऱ्या वेळचा थकवा किंवा सराव माध्यमाच्या नावावर जमा होईल. त्यासाठी चार गट करा. ‘अ’ उतारा आधी कागदावर व ‘ब’ नंतर पडद्यावर. ‘अ’ आधी पडद्यावर व ‘ब’ नंतर कागदावर. उरलेल्या दोन गटांत ‘ब’ उताऱ्यापासून सुरुवात. २०० विद्यार्थ्यांचे पन्नास-पन्नासचे गट सहज होतील. कोण कोणत्या गटात हे मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवा, बाकांच्या रांगेवरून नको.

तिसरे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. मी पथदर्शी चाचणी, म्हणजे मोजक्या जणांवर आधी घेतलेली रंगीत तालीम, वगळली होती आणि त्याची किंमत मोजली, म्हणून हे कळकळीने लिहिते आहे. माझ्या प्रश्नावलीतील चौदावा प्रश्न असा होता : ‘ग्रंथालयातील पुस्तके आणि बसण्याची व्यवस्था तुम्हाला समाधानकारक वाटते का?’ भरून आलेले १८० अर्ज समोर ठेवून बसल्यावर लक्षात आले की ‘नाही’ म्हणणारा पुस्तकांवर नाराज आहे की बाकांवर, हे कळायला काही मार्गच नाही. एका विद्यार्थिनीने ‘पुस्तके’ या शब्दाखाली रेघ मारून शेजारी ‘हो’ आणि ‘व्यवस्था’खाली रेघ मारून ‘नाही’ लिहिले होते. पंचवीस जणांवर चाचणी घेतली असती तर अशी एखादी तरी ‘विद्यार्थिनी’ मला आधीच भेटली असती. तो संपूर्ण प्रश्न मला विश्लेषणातून काढावा लागला.

तुमचे दोन उतारे सारख्याच काठिण्याचे आहेत का, हे केवळ पथदर्शी चाचणीतूनच कळेल. उत्तरे बरोबर किंवा चूक अशा दोनच प्रकारची असतील, तर चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे तिच्या गुणांतील सातत्य, काढण्यासाठी कुडर-रिचर्डसन सूत्र २० वापरता येते.

कालनियोजन सादरीकरणाच्या तारखेपासून मागे मोजत करा. मी माहिती संकलनासाठी एक महिना ठेवला होता, परंतु लेखी परवानगी मिळेपर्यंत परीक्षा सुरू झाल्या, त्यानंतर सुट्टी लागली आणि वर्ग रिकामे झाले. परवानगीचे पत्र प्रस्ताव मंजूर झाल्याच्या आठवड्यातच द्या. तुम्ही ज्यांना शिकवता किंवा ज्यांचे गुण तुमच्या हातात आहेत, अशांचा नमुना शक्यतो घेऊ नका. संमतिपत्रावर त्यांची सही असली, तरी त्यांना खरोखर नकार देता आला असता का, हा प्रश्न उरतोच.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. चार रकान्यांचा कागद काल रात्री भरला. नवे शीर्षक : ‘छापील व मोबाइलवरील माहितीपर मजकुराच्या वाचनानंतर पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांच्या आकलनाची तुलना’. उद्दिष्टे तीन ठेवली आहेत : दोन्ही माध्यमांतील आकलनाच्या गुणांची तुलना करणे, दोन्ही माध्यमांत वाचनाला लागणाऱ्या वेळेची तुलना करणे, विद्यार्थ्यांच्या वाचनाच्या आवडीचा अभ्यास करणे.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

शीर्षक आता नेमके झाले आहे. तिसरे उद्दिष्ट काढून टाका. त्याच्या चौथ्या रकान्यात तुम्ही काय लिहिले असेल ते मला दिसत नाही, आणि बहुधा तुम्हालाही दिसलेले नसावे. दुसरे ठेवा, पण पन्नास जणांच्या गटात प्रत्येकाचा वाचनाचा वेळ कोण आणि कसा नोंदवणार, ते पद्धतीच्या भागात लिहा. विद्यार्थ्याने स्वतः घड्याळ पाहून सुरुवातीची व शेवटची वेळ लिहायची, की प्रत्येक वेळी दहाच जण बसवून तुम्ही नोंदवायची, यावर माहिती संकलनाला दोन दिवस लागतील की दोन आठवडे, हे अवलंबून आहे. ते ठरल्यावरच कालनियोजन लिहायला घ्या.