मदत हवी आहे: गोफणीतून सुटलेला दगड सतत डावीकडे जातो, दोष गोफणीचा की हाताचा?

नमस्कार. गेल्या महिन्याभरापासून मी स्वतः वळलेल्या गोफणीने दगड फेकायला शिकते आहे. शिकवणारे जवळ कोणी नसल्यामुळे चुकते काय ते मला कळते, पण का चुकते ते कळत नाही, म्हणून हा प्रश्न थोडा सविस्तर मांडते.

आधी गोफणीविषयी. सुतळीच्या तीन पेडांची वेणी घालून मी दोन दोऱ्या केल्या आणि त्यांच्या मधोमध जुन्या चामडी पिशवीतून कापलेला तुकडा, म्हणजे दगड ठेवायची झोळी, बांधला. हा तुकडा १३ सेंटिमीटर लांब आणि मध्यावर ६ सेंटिमीटर रुंद असून दोन्ही टोकांकडे निमुळता होत जातो. एका दोरीच्या टोकाला मधल्या बोटात बसणारा फास आहे, तर दुसऱ्या टोकाला अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरायची गाठ आहे. हातात धरल्यावर गोफण झोळीपर्यंत ७५ सेंटिमीटर भरते. पहिल्याच दिवशी दोरी वेळेआधी चिमटीतून निसटली होती, त्यामुळे धास्तावून मी ती गाठ तीन वळशांची, चांगली बोराएवढी करून टाकली.

मी उजव्या हाताने फेकते. गोफण डोक्यावर आडवी, वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चार-पाच वेळा फिरवते आणि मग दोरी सोडते. लक्ष्य म्हणून २० मीटरवर गवताने भरलेले पोते उभे केले आहे. परवा सलग ४० दगड फेकून प्रत्येकाची नोंद वहीत केली. त्यांपैकी २७ डावीकडे गेले, आणि तेही थोडेथोडके नव्हे तर पोत्यापासून चार-चार मीटरांवर. आठ दगड फिरवता फिरवताच झोळीतून निसटून मागे किंवा उजवीकडे पडले. त्यातला एक माझ्याच सायकलच्या चाकावर आदळला. पोत्याच्या आसपास पडले ते जेमतेम पाच. दगड जमेल तसे वेचलेले होते, म्हणजे काही सुपारीएवढे, तर काही मुठीत मावतील न मावतील असे.

दोरीची लांबी कमी करावी का, चामड्याला मध्यावर चीर द्यावी का, की गोफण ठीक असून माझा हातच चुकतो आहे, हे कसे ओळखावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुम्ही नोंद ठेवलीत हे फार बरे केले, कारण तुमचे उत्तर त्या वहीतच आहे. दगड गोफणीतून सुटतो तेव्हा तो त्या क्षणी ज्या दिशेने चाललेला असतो त्याच दिशेने, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शरेषेत, सरळ निघून जातो. तुम्ही वर्णन केलेल्या फिरवण्यात झोळी तुमच्या उजव्या बाजूला असताना तिची गती बरोबर समोर असते. त्यानंतर सोडले तर दगड डावीकडे जाणार आणि त्याआधी सोडले तर उजवीकडे. तेव्हा तुमचे २७ दगड उशिरा सुटले आहेत.

आता किती उशिरा ते पाहा. गोफण सेकंदाला तीन फेरे घेत असेल, तर सेकंदाच्या शंभराव्या भागात ती सुमारे ११ अंश फिरते, आणि २० मीटरवर ११ अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ चार मीटर. तुमचा आकडा नेमका तेवढाच आहे. एवढा सूक्ष्म उशीर माणसाला जाणवत नाही, त्यामुळे ‘लवकर सोडायचे’ असे मनात घोकून काहीही साधत नाही. उशीर कशामुळे होतो ते शोधावे लागते.

माझा संशय तुमच्या त्या बोराएवढ्या गाठीवर आहे. चिमूट उघडली तरी मोठी गाठ बोटांच्या पेरांवरून घसरत बाहेर पडते, आणि तेवढ्यात झोळी पुढे निघून गेलेली असते. गाठ वाटाण्याएवढी ठेवा आणि तिच्यावरून निघालेले सुतळीचे सगळे धागे कापून टाका. धरताना गाठ मुठीत दाबू नका. अंगठ्याच्या पेराखाली ती नुसती अडकलेली असावी.

दुसरे म्हणजे, शिकताना गोफण आडवी फिरवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ती शरीराच्या उजव्या बाजूला उभी फिरवा, म्हणजे झोळी मागून वर येऊन डोक्याच्या उंचीवरून पुढे जाईल. अशा फेकीतही सोडण्याची वेळ चुकतेच, पण ती चूक दिशेत न दिसता उंचीत दिसते: लवकर सोडलेला दगड उंच जातो आणि उशिरा सोडलेला समोरच जमिनीत बसतो. डावे-उजवे आपोआप सुधारले की एकाच चुकीकडे लक्ष द्यावे लागते. फेरेही कमी करा. चार-पाच फेऱ्यांनी वेग फारसा वाढत नाही, लय मात्र बिघडते. खरा वेग शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात खांदा आणि मनगट देतात. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील लष्करी शिक्षणातही गोफण डोक्याभोवती एकदाच फिरवावी असा आग्रह होता, आणि तो हौसेखातर नव्हता.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण मागे पडलेल्या आठ दगडांचा दोष हाताचा नसून झोळीचा आहे, असे मला वाटते. त्यासाठी एक सोपी परीक्षा करा. झोळीत दगड ठेवून गोफण हातात स्थिर लोंबकळत धरा आणि चिमूट उघडा. दगड तत्क्षणी सरळ खाली पडला पाहिजे. तो झोळीत क्षणभर रेंगाळला तर झोळी फार खोल आहे. आणि दोरी ताणली जाताच, चिमूट उघडण्याआधीच, झोळी कुशीवर वळली तर दोऱ्यांची लांबी सारखी नाही किंवा सुतळीचा पीळ उलगडतो आहे. वेणी ढिली पडली तरी हेच होते. मध्यावर चीर दिल्याने दगड दोन्ही बाजूंनी धरला जातो हे खरे, पण चामडे जाड असेल तर आधी ते भिजवून गोल दगडावर घट्ट बांधून वाळवा, म्हणजे चिरेची गरजच पडत नाही.

झोळीचा हा मध्ये रुंद आणि टोकांना निमुळता आकार इतका जुना आहे की हनुवटीसाठी बांधायच्या पट्टीला आयुर्वेदात ‘गोफणा’ हेच नाव आहे. प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्यात सापडलेल्या गोफणीही जवसाच्या तंतूंच्या वेणीच्या आहेत, तेव्हा तुमच्या वेणीत मूलतः काही चूक नाही.

लांबीला सध्या हात लावू नका. स्पेनजवळच्या बेलिअरिक बेटांवरील प्राचीन गोफणकरी वेगवेगळ्या पल्ल्यांसाठी तीन निरनिराळ्या लांबीच्या गोफणी बाळगत. लांब गोफण दूर फेकते, आखूड गोफण आटोक्यात राहते, आणि २० मीटरसाठी ७५ सेंटिमीटर पुरेसे आहेत.

दगडांचे मात्र मनावर घ्या. सुपारीएवढा आणि मूठभर दगड आलटून पालटून फेकला तर हाताला एकच वेळ कधीच सापडणार नाही. इ.स.पू. ४०१ मध्ये पर्शियातून माघार घेणाऱ्या ग्रीक सैन्यातील ऱ्होड्स बेटावरच्या गोफणकऱ्यांनी शिशाच्या लहान गोळ्या वापरल्या, तेव्हा मूठभर दगड फेकणाऱ्या पर्शियनांच्या दुप्पट पल्ला त्यांना मिळाला. शिसे तुम्ही वापरू नका, ते विषारी आहे. चिकणमातीचे ५० ते ६० ग्रॅमचे गोळे तोलून वळा आणि उन्हात वाळवा. आपटल्यावर ते फुटतात, त्यामुळे उसळून अंगावर येत नाहीत. आणि सायकल तुमच्या मागे उभी होती, याचा अर्थ तिथे माणूसही उभा असू शकला असता. शिकाऊ हातातली गोफण चारही दिशांना फेकते, म्हणून पाठीमागचे रानही तेवढेच मोकळे हवे.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. लोंबकळत धरून पाहिले तेव्हा दगड पडण्याआधीच झोळी डावीकडे कलंडत होती. मोजल्यावर गाठीकडची दोरी दीड सेंटिमीटर आखूड निघाली. गाठीच्या तीन वळशांनी ती खाल्ली होती. गाठ सोडवून लहान केली, लांबी जुळवली, मातीचे ३० गोळे वळून वाळवले आणि आज उभ्या पद्धतीने एकाच फेऱ्यात ते फेकले. मागे एकही पडला नाही. दिशा २२ वेळा बरोबर होती, पण त्यांतले १३ गोळे पोत्याच्या अलीकडेच जमिनीवर फुटले, म्हणजे उशीर अजून होतोच आहे. गाठ आता लहान आहे, तेव्हा हा उशीर बोटांचाच असावा. चिमूट उघडण्याऐवजी तर्जनी लक्ष्याकडे रोखायची आणि दोरी आपसूक सुटू द्यायची, असे काही जण करतात असे ऐकले आहे. ती सवय सुरुवातीपासूनच लावावी का, एवढे कोणी सांगितले तर उद्या नवे गोळे वळायला घेईन.